बोडीवरची तिसरी हाक

माझे बाबा पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. दुसरीलाही नाही. गोंडपिपरीला आमच्या घराच्या पडवीत त्यांची शिलाई मशीन होती. गिऱ्हाईक दारात येऊन "बापूराव" म्हणायचं, मशीन खडखडत राहायची. पुन्हा "बापूराव!" झालं तरी मशीन चालूच. तिसऱ्यांदा आवाज चढला की चाकावर हात ठेवून बाबा अगदी गोड आवाजात "ओ" म्हणायचे. नवं गिऱ्हाईक हमखास चिडायचं. जुनी माणसं उंबऱ्यातूनच तीन हाका एका दमात मारून मोकळी व्हायची.

ही सवय माझ्या आजीची. दिवेलागणीनंतर बाहेरून हाक आली तर तिसरीपर्यंत थांबायचं, असं तिनं पोरांच्या डोक्यात भरवलं होतं. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारू शकतं, तिसऱ्या हाकेला लागणारा श्वास त्याच्याजवळ नसतो. छप्पन साली बाबांनी चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. घरातले देव गेले, अंगात येणं गेलं, भूत-करणी म्हटलं की बाबा पोट धरून हसायला लागले. तिसऱ्या हाकेची सवय मात्र तशीच राहिली. आम्हा भावंडांनाही त्यांनी तेच वळण लावलं. हाक मारायची तर तीनदा मारायची, अर्धवट सोडायची नाही. त्यांना जेवायला बोलवायला मी बाहेर पडले की आळीतली पोरं माझ्या आधी "बाबा, बाबा, बाबा" असं ओरडून मला रडवायची.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यात मी सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या बेलटोल्यात राहत होते. काम बेडकांचं. नागपूरच्या सरांनी नेमून दिलं होतं: कोणता बेडूक कोणत्या पाण्यात अंडी घालतो, केव्हा घालतो, आणि ते पाणी आटलं की काय करतो, हे पाहायचं. गावात माझं नाव सत्यशीला आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी मी बेडूकवाली बाई. लग्नाच्या वयाची, एम.एस्सी. झालेली पोरगी संध्याकाळी गुडघाभर पाण्यात उभी राहून बेडूक ऐकते, हे बायकांना आधी विचित्र वाटलं, मग दया आली, आणि शेवटी त्यांनी माझा नाद सोडला. एकटी सुकरी तेवढी माझ्याबरोबर यायची. गोंड बाई, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, माझ्या खोलीच्या शेजारीच राहायची. तिला बेडकांत काही रस नव्हता. "तू एकटी पाण्यात पडून मरशीन, मंग आमालेच काढा लागन," एवढंच तिचं कारण.

मी ज्या पाण्यावर काम करत होते ती कोलूची बोडी. बोडी म्हणजे धानासाठी माती टाकून अडवलेलं छोटं तळं. पावसाळ्यात भरतं आणि होळीच्या सुमाराला तळाला भेगा पडतात. एका बाजूला मातीची लांब पाळ. पाळीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांच्यापलीकडे गाव. गावाकडून येणारी वाट पाळीच्या डाव्या टोकाला चढायची, तिथं बेशरमाची दाट झुडपं माजली होती. उजव्या टोकाला, पाळ बुटकी होती तिथं, पाण्यावर वाकलेलं एक जांभळीचं झाड. आणि पाळीच्या समोर, जंगलाच्या अंगाला, नाला येऊन मिळायचा, तिथं घोट्याएवढं पाणी आणि गवत.

बेडूक दिसेल त्या पाण्यात अंडी घालतो असं लोकांना वाटतं. साफ खोटं आहे. आमच्या गावांत जशी आळीआळीनं वस्ती असते तशीच बोडीत त्यांची असते. फरक इतकाच की बेडूक एकमेकांना पाण्यावरून हाकलत नाहीत. नाल्याच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक. आवाज मात्र असा की कंगव्याच्या दातांवरून कुणी नख फिरवतंय. बेशरमाच्या बुडाशी, पाण्यात अर्धे बुडून, मोठे ढोल्या आवाजाचे. पाळीच्या गवतात धानाचे बेडूक, चिरचिर करणारे. मधल्या उघड्या पाण्यावर तरंगणारे, त्यांचं बोलणं तुटक, भांडकुदळ बायकांसारखं. नाला आणि जांभूळ यांच्या मध्ये लव्हाळ्याचा एक पट्टा होता, तिथले घोगरे. आणि जांभळीवर झाडबेडूक: टक, टक, टक, लाकडावर बोट वाजवल्यासारखं. महिनाभर ऐकून मला अंधारातही बोडी डोळ्यांपुढे दिसायची. कोण कुठं बसलाय हे कानानं सांगता यायचं, आणि याचा मला गर्वही होता, उगाच का लपवू.

श्रावण लागला आणि गावातल्या सुकलूला वाघानं नेलं.

सुकलू नाल्याकडे गवत कापायला गेला होता. गावाला त्याचा विळा सापडला, धोतराचा तुकडा सापडला, आणि पुढे जाण्याची कुणाची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली, दवंडी पिटली, संध्याकाळी कुणी जंगलाच्या अंगाला जाऊ नये. गावानं आपली दवंडी वेगळी पिटली. ती सुकरीनं मला सांगितली. वाघानं नेलेला माणूस वाघापाशीच राहतो. सांजेला पाण्याकडून हाक मारतो, तीही आपल्या घरच्या माणसाच्या आवाजात. म्हणून तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, थांबायचं नाही, वळून पाहायचं नाही.

वाघाची बातमी पोंभुर्ण्याच्या बाजारातून फिरत गोंडपिपरीला गेली, आणि एका दुपारी माझे बाबा एस.टी.तून उतरून चिखल तुडवत बेलटोल्यात हजर झाले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, काखेत काळी छत्री, हातात जवसाच्या चटणीचा डबा. पाय धुतले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सामान बांध. चारच्या गाडीनं जाऊ."

मी म्हटलं, "बाबा, काम अर्धं आहे."

"बेडूक पुढल्या वर्सी नाई येत का?"

"मी पुढल्या वर्षी नसेन इथं."

"हे असं चालू राह्यलं तं यंदाच नाई राह्यशीन," बाबा म्हणाले. "वाघ काई तुही डिग्री वाचून सोडून देईन का तुले?"

सुकरी दारातच बसली होती. तिनं बाबांना सुकलूच्या हाकांची गोष्ट सांगितली, म्हणजे त्यांनी तरी मला आवरावं. झालं उलटंच. बाबा हसत सुटले.

"म्हणजे सुकलू आता वाघाचा चपराशी झाला म्हणा ना! समन्स घेऊन फिरून राह्यला!"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही तिसऱ्या हाकेला का ओ देता?"

"ते सवय हाय," बाबा जराही न लाजता म्हणाले. "भूत येगळं, सवय येगळी."

सुकरी पदर तोंडाला लावून हसली. पण चारची गाडी आम्ही चुकवलीच, कारण आमचं भांडण संपेना. बाबांचा आवाज चढला, माझाही चढला. शेवटी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले, सुकरी धानाची रोपं लावायला, रोवणीला, निघून गेली, आणि मी बोडीवर गेले.

का गेले? माझ्यावर सुकरीनं नंतर हाच प्रश्न अनेकदा फेकला, म्हणून सांगते. जांभळीवरचे झाडबेडूक. महिनाभर मी त्यांची वाट पाहत होते. हे बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर मादी बसते, अंगातून चिकट पाणी सोडते आणि मागच्या पायांनी ते घुसळून घुसळून त्याचा फेस करते. त्या फेसाच्या गोळ्यात अंडी. बोडीचं पाणी चार दिवस खाली गेलं तरी वरचा फेस ओला राहतो, पाण्यातल्या किड्यांचा हात तिथं पोचत नाही. मग पिल्लं वळवळायला लागली की फेस खालून ढिला होतो आणि ती थेंबाथेंबानं पाण्यात पडतात. मी वाळलेले गोळे पाहिले होते, करताना पाहिलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी एक मादी फांदीवर उतरलेली दिसली होती. पाऊस थांबला होता. मला वाटलं, उजेड आहे तोवर पाहून येऊ, दिवेलागणीच्या आत परत.

मी जांभळीखाली गुडघाभर पाण्यात उभी राहिले तेव्हा आभाळ दाटून पुन्हा भुरभुर लागली होती, त्यामुळे संध्याकाळ लवकर आली. बेडूक सुरू झाले होते. आणि खरंच, डोक्याच्या थोडं वर, हात पुरेल एवढ्या फांदीवर, ती मादी कामाला लागली होती. तिच्या पाठीवर नर. पाय आत-बाहेर, आत-बाहेर, ताक घुसळावं तसे, आणि त्यांच्याखालून पांढरा फेस फुगत चाललेला. मला इतका आनंद झाला की बाबांशी भांडण झालंय हेही मी विसरले.

मग काहीतरी कमी झालं.

काय ते आधी कळलं नाही. भरल्या घरात एखादं माणूस बोलता बोलता गप्प झालं की कसं चुकल्यासारखं वाटतं, तसं. मी कान दिला. तरंगणारे बोलत होते. पाळीवरचे चिरचिरत होते. डोक्यावर टकटक चालू होती. नाल्याच्या तोंडाचे छोटे, ते कंगवेवाले, बंद झाले होते. सगळेच्या सगळे, एकदम.

साप असेल, मी मनाशी म्हटलं. सापानं चार-दोन बंद होतात, सगळे नाही. मग गाय असेल. गाय आली तर पाणी वाजतं. पाणी वाजत नव्हतं.

थोड्या वेळानं छोटे पुन्हा सुरू झाले, एक, दोन, मग सगळे. माझा जीव जरा भांड्यात पडला. तेवढ्यात त्यांच्या डावीकडचे, जंगलाच्या काठाचे, बंद झाले. मग तेही सुरू झाले आणि त्यांच्या पुढचे बंद.

ती शांतता चालत होती. काठाकाठानं, अजिबात घाई न करता, नाल्याकडून बेशरमाकडे. पुढचे बेडूक गप्प होत होते, मागचे बोलायला लागत होते, आणि मधली गप्प जागा पुढे सरकत होती. त्या जागेत कोण आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पायाखालचा चिखल ओढून घेतोय असं वाटायला लागलं. मी भित्री नाही असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले होते, आणि त्या क्षणी मला इतकी भीती वाटली की मी रडायचंही विसरले.

ती शांतता माझ्यापासून दूर चालली होती, हे खरं होतं. मी तेवढंच घट्ट धरून उभी राहिले. हलायचं नाही. जाऊ दे. पाळीपलीकडून जाईल, कुठंही जाईल. बेशरमाच्या बुडाचे ढोले बंद झाले. मी त्यांच्या सुरू होण्याची वाट पाहिली. सुरू झाले नाहीत. पुढचेही कुणी बंद झाले नाहीत. म्हणजे तो बेशरमात शिरला होता आणि तिथंच बसला होता, वाटेच्या तोंडाशी.

आणि पाळीपलीकडे, बांध्यांमधल्या धुऱ्यावर, त्या अरुंद बांधावर, मला काळी छत्री दिसली.

छत्रीखाली पांढरं धोतर. घसरू नये म्हणून जपून टाकलेली पावलं. बाबा मला शोधायला येत होते. सुकरी रोवणीवरून परतली असेल, मी खोलीत नाही हे पाहून तिनंच वाट दाखवली असेल. ती वाट बेशरमातूनच वर येत होती, दुसरी नव्हतीच. बाबा सरळ तिथं चालत होते जिथले बेडूक गप्प होते.

मी ओरडले, "बाबा!"

सगळी बोडी एकदम बंद झाली.

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माणूस ओरडला की बेडूक गप्प होणारच. नाला, लव्हाळी, पाळ, उघडं पाणी, डोक्यावरची टकटक, सगळं मिटलं. तो कुठं आहे हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. जिकडेतिकडे सारखीच शांतता होती, आणि तो त्यात कुठंही असू शकत होता.

बाबा क्षणभर थबकलेले मला दिसले. मग त्यांनी मान खाली घातली आणि चालू लागले.

पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. थांबायचं नाही, वळून पाहायचं नाही. दुपारी हसणारा माझा बाप, सुकलूला वाघाचा चपराशी म्हणणारा, त्या झाकोळात पाण्याकडून आलेल्या हाकेसमोर आजीचा लेक होऊन चालत होता. मी जीव एकवटून पुन्हा ओरडले, "बाबा!" त्यांनी पावलं उचलली. आता ते बेशरमापासून फार लांब नव्हते.

तिसरी मारायला मी श्वास घेतला. तिसरीला ते थांबतील. तिसरीला ते नेहमी थांबतात.

नाल्याच्या तोंडाशी एक छोटा बोलला. मग दुसरा. मी श्वास तसाच धरून ठेवला. तरंगणारे बोलले. आणि मग, बाबा झुडपांपाशी पोचता पोचता, बेशरमाच्या बुडाशी एका ढोल्यानं आवाज काढला. त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं. बेशरम बोलायला लागला होता. तिथं आता कुणी नव्हतं.

मग गप्प कोण होतं? मी ऐकलं. जंगलाकाठचे आत्ताच पुन्हा थांबले होते. पाठोपाठ नाल्याचे छोटे, नुकतेच सुरू झालेले, परत बंद पडले. माझ्या हाकांनी त्याला उठवलं होतं. तो आल्या वाटेनं माघारी फिरला होता, काठाकाठानं, पण आता नाल्याशी थांबत नव्हता. नाला ओलांडून लव्हाळ्याकडे येत होता. लव्हाळ्यानंतर जांभूळ. जांभळीखाली मी.

बाबांसाठी वाट मोकळी झाली होती. आणि मी तिसरी हाक मारली असती तर बाबांनी "ओ" म्हटलं असतं आणि छत्री टाकून पळत माझ्याकडे आले असते, थेट त्याच्या तोंडात. माझ्या बापाला मी ओळखते. मी "येऊ नका" म्हटलं असतं तर जास्तच जोरात आले असते.

मी तोंडावर हात दाबला. तिसरी हाक आत गिळली. आता एकच आशा होती: मी दिसले नाही, बोलले नाही, तर पोरगी बोडीवर आलीच नाही, गावातच कुठं असेल असं समजून ते माघारी फिरतील. फिरा बाबा, मी मनात म्हणत होते. नेहमी माझ्यावर रागावता, आजही रागवा आणि घरी जा.

बाबा बेशरमातून सुखरूप वर आले. पाळीच्या मध्यापर्यंत चालत आले आणि थांबले. अंधारून आलं होतं, त्यांचं धोतर तेवढं दिसत होतं.

"सत्या!"

बेडूक थांबले, पुन्हा लागले. लव्हाळ्यातले घोगरे मात्र लागले नाहीत.

"सत्या!"

मला वास आला. ओल्या जनावराचा, कुजक्या पाल्यासारखा. तो नक्की कुठून येत होता हे मला कळेना, आणि मान वळवायची माझी ताकद नव्हती. डोक्यावर मादीचे पाय थांबले होते. अर्धा फेस फांदीवर तसाच लोंबत होता.

"सत्या!" तिसरी. जिवंत माणूस तिसरीला ओ देतंच. आमच्या घरात हे पाण्याइतकं साधं होतं. हात तोंडावर दाबून मी उभी राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी ओ दिली नाही.

मग बाबांनी छत्री मिटली. वाटलं, चालले. आणि ते पाळीवरून खाली उतरले, चपलेसकट, सदऱ्यासकट, सरळ पाण्यात. माझ्याकडे यायला त्यांनी बोडीच आडवी धरली.

पाणी कमरेला लागलं तेव्हा त्यांनी छत्री दोन्ही हातांनी उगारली आणि ओरडले. माझ्या बाबांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"निघ! भायेर निघ! माह्या पोरीच्या आवाजात मले बलावतं? दोनदाच बलावलं रे तू! माही पोरगी कदी दोनदा हाक मारत नाई! तीन मारते ते, तीन!" त्यांनी छत्री पाण्यावर आपटली. "सोड तिले! जशी असन तशी दे मले! मले ने पायजे तं, पन तिले सोड!"

तेव्हा मला कळलं. ते मला शोधायला उतरलेच नव्हते. माझ्या दोन हाका ऐकल्या तेव्हाच त्यांच्यासाठी मी संपले होते. ती अख्खी पाळ ते मेलेल्या पोरीचा आवाज कानात घेऊन चालले होते. वर उभं राहून त्यांनी एकदा खात्री करून घेतली होती, आणि आता माझं जे काही उरलं असेल ते न्यायला पाण्यात उतरले होते. माझी गप्प राहण्याची सगळी हुशारी त्यांना इथंच घेऊन आली होती.

ते पाण्यावर छत्री आपटत येत राहिले, शिव्या देत, रडत. सगळ्या बोडीत एकही बेडूक बोलत नव्हता. तो कुठं होता? मी ओरडले तर तो माझ्यावर येईल, गप्प राहिले तर कदाचित त्यांच्यावर. माझं डोकं चालेना. मी फक्त ऐकत राहिले, आयुष्यात कधी ऐकलं नाही तसं. बाबांना धाप लागली. छत्री थांबली. ते नुसतेच पाण्यात उभे राहून हुंदके द्यायला लागले.

लव्हाळ्यात एक घोगरा बोलला.

मी श्वास सोडला नाही. दुसरा बोलला. तिसरा. नाल्याचे छोटे लागेनात. लागेनात. मग लागले, सगळे एकदम. त्यांच्यापलीकडे पाणी नव्हतं, जंगल होतं. जंगलात लांबवर एक चितळ ओरडलं, मग आणखी आत दुसरं. तो गेला होता.

डोक्यावर टक असा आवाज झाला आणि लगेच थांबला, कारण बाबा अगदी जवळ आले होते. चार हातांवर. त्यांना झाडाखालची माझी सावली दिसली होती. ते जागच्या जागी थिजले. छत्री पुन्हा वर गेली, या वेळी माझ्यावर. माझ्या बापाला माझी भीती वाटत होती.

मी पुढे होऊन त्यांना मिठी मारू शकले असते. पण ते त्यांना सहन झालं नसतं, हे मला समजलं. एक गोष्ट बाकी होती, ती पुरी केल्याशिवाय मी माणसात येणार नव्हते. मी तोंडावरचा हात काढला. पहिल्यांदा तोंडातून नुसता वारा आला.

मग मी म्हटलं, "बाबा."

छत्री तशीच वर होती. त्यांचे ओठ हलत होते, ते मोजत होते. मग छत्री पाण्यात पडली आणि वाहत पाळीकडे गेली.

"ओ," बाबा म्हणाले. "ओ, माय. ओ."